बारा खाटांचं काचघर

४ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्रात विनंती विशेष एकच असते म्हणतात. माझ्याकडे बारा आहेत आणि त्या बाराही माझ्या परसातल्या काचघरात कुंड्यांमध्ये उभ्या आहेत.

परवा तुमच्या हातात किल्ली कोंबून मी गाडीत बसले, धड बोलणंही झालं नाही. लेक शिडीवरून पडली, पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, हे कळल्यावर मला काही सुचेचना. जावईबापू ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. आता पोहोचले आहे. पाय प्लास्टरमध्ये, तोंड मात्र उत्तम चालू आहे. तुमच्या सुनेची काळजी नको.

आता टोमॅटो. टोमॅटोला चार दिवस पाणी मिळालं नाही आणि मग एकदम मिळालं, की फळ तडकतं, हे तुम्ही भाजी घेताना पाहिलं असेलच. हे गेले त्या वर्षी माझं सगळं पीक असं तडकलं. त्या दिवशी मी परसात बसून रडले, पिकासाठी की ह्यांच्यासाठी ते मलाही सांगता येणार नाही. पण एका झाडावरची चार फळं शाबूत होती. त्यांचं बी धरलं. दुसऱ्या वर्षी त्यातलं चांगलं निवडलं, तिसऱ्या वर्षी त्यातलं. अशी नऊ वर्षं गेली. ही बारा झाडं म्हणजे ती नऊ वर्षं आहेत.

वीस एप्रिलला रोपवाटिकेचे तपासनीस येणार. बारांपैकी निदान दहा झाडांवर एकेक पिकलेला घोस हवा आणि एकही फळ तडकलेलं नको. पास झालं तर हे नवं वाण म्हणून त्यांच्या यादीत जाईल, मी देईन त्या नावानं. नापास झालं तर पुढची पाळी पाच वर्षांनी. तोवर माझे गुडघे मला कुंडीपाशी बसू देतील असं वाटत नाही.

करायचं फार नाही. सकाळी बुंध्याशी पाणी, पानांवर नको. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जे कोंब फुटतात ते खुडायचे, नाहीतर झाड नुसतं माजतं. वाढेल तसं सुतळीला बांधायचं. बाकी झाडं शहाणी आहेत. महिना-दीड महिन्यात मी येतेच.

तुमची विहीण

११ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. सूचना वाचल्या. तुमच्या भिंतीवर तक्ता लावला आहे, त्यात रोज सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ वाजताचं तापमान लिहिते. झाडांना क्रमांक दिले आहेत, दारापासून डावीकडून एक ते बारा. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, खाट क्रमांकाशिवाय मला काळजी घेता येत नाही.

आल्या दिवशी तुमचं काचघर पाहून मला धक्का बसला, हे स्पष्टच लिहिते. जुन्या घरांच्या खिडक्या जोडून तुम्ही ते बांधलंत हे कौतुकाचं आहे, पण त्यातल्या सहा खिडक्या सताड उघड्या होत्या! धूळ, माश्या, गार वारा, सगळं आत. मी त्या बंद करून फटींना चिकटपट्टी लावली. फरशी जंतुनाशकानं पुसली. खुडायची कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनं पुसते. आमच्या ह्यांना चपला बाहेर काढल्याशिवाय आत येऊ देत नाही.

पायाबद्दल: उशी पोटरीखाली ठेवा, टाचेखाली नाही. बोटं निळी पडत नाहीत ना ते दर चार तासांनी पाहा. औषधं घड्याळ लावून द्या.

एक विचारायचं होतं. सूनबाईनं तार केली ती तुम्हाला. मी दोन गल्ल्या सोडून राहते, जन्मभर हेच काम केलं. तिला मी आठवले नसेन असं नाही. असो. तुमची झाडं माझ्याकडे सुखरूप आहेत.

आपली विहीण

१७ फेब्रुवारी

विहीणबाई, घाईत लिहिते आहे.

हाड जागेवर बसेना म्हणून काल पायात स्क्रू घातले. सगळं नीट झालं. बोटं गुलाबी आहेत, उशी पोटरीखाली आहे, तुमचं पत्र मी तिच्या उशाशी भिंतीला टाचलं आहे. डॉक्टर आले, वाचलं आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी मान ताठ करून म्हटलं, "आमच्या विहीणबाईंनी."

तुमचं पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं, अर्धं डोळ्यांनी, अर्धं देवाचं नाव घेत. पाणी, कोंब, सुतळी, सगळं आहे ना? झालं तर मग. तुमच्यासारखी शिस्त माझ्या सात पिढ्यांत नाही. फुलं आली का तेवढं कळवा.

तुमची विहीण

२४ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

स्क्रूचं वाचलं. पहिले दहा दिवस जखम कोरडी ठेवा.

बाराही रुग्णांची प्रकृती स्थिर आहे. उंची सरासरी साडेतीन फूट. पानं हिरवी, डाग नाही, कीड नाही. पलीकडच्या परसातली झाडं पानं मुरडून बसली आहेत असं ऐकलं. आपल्याकडे असं काही शिरणं शक्य नाही, मुंगीला यायचं तरी माझी परवानगी लागते.

फुलं विचारलीत. भरपूर आली. बारीक, पिवळी. तीन-चार दिवस राहतात आणि देठासकट गळतात. रोज सकाळी झाडून काढते, त्यामुळे फरशी स्वच्छ असते. फळांबाबत अजून नोंद करण्यासारखं नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, फुलं गळली तर फळं कुठून येणार?" मी त्यांना म्हटलं, तुम्ही हिशेब तपासनीस होता, तुमचं काम पेपर वाचणं.

तरी तेवढं कळवा. फुलं गळणं हे नेहमीचंच ना?

आपली विहीण

तार, २७ फेब्रुवारी

खिडक्या उघडा. फुलं हलवा. पत्र येत आहे.

२७ फेब्रुवारी

अहो विहीणबाई!

झाडून काढता? फुलं? झाडून?! तुमचं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. लेक प्लास्टरसकट उठून बसली, तिला वाटलं घराला आग लागली.

पट्ट्या काढा, आत्ता, पत्र हातात असतानाच. अहो, टोमॅटोच्या फुलाला हालचाल लागते. पिवळ्या पाकळ्यांच्या मधे नळी दिसते ना, तिच्या आत पराग असतो. वारा सुटतो, भुंगा येऊन लटकतो, फूल थरथरतं आणि पराग खाली झडतो. तेव्हा कुठे फळ धरतं. तुम्ही वारा कोंडलात, भुंग्याला हाकललंत, आणि बिचारी फुलं वाट बघून बघून गळून गेली. लग्नाचा हॉल सजवला आणि नवरदेवाला दारातच अडवलं असा प्रकार झाला!

ऐका. रोज अकरा ते दोनच्या दरम्यान, ऊन असताना, पराग कोरडा असतो तेव्हा, प्रत्येक घोसाच्या देठाला मागून टिचकी मारायची. जोरात नाही, देठ मोडेल. हळूही नाही, काही होणार नाही. आता ती टिचकी कशी ते मी पत्रात कशी दाखवू! उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या अशा.

आज फूल धरलं तर फळ पिकायला पंचेचाळीस ते पन्नास दिवस. बोटं मोजून पाहा. मी रात्रीपासून मोजते आहे.

तुमची विहीण

३ मार्च

विहीणबाईंना,

तार एक तारखेला मिळाली, पत्र आज. पट्ट्या काढल्या. सहाही खिडक्या उघड्या आहेत.

चाळीस वर्षांत माझ्या हातून रुग्णाचं नुकसान झालं नव्हतं. तुमची नऊ वर्षं मी केरसुणीनं सुपलीत भरली. मला फार लाज वाटते. तुम्ही म्हणाल तर किल्ली तुमच्या ओळखीच्या माळ्याला देते. काल रात्री मी जेवले नाही, हे ह्यांनी तुम्हाला कळवायच्या आधी मीच कळवते.

पण दोन गोष्टी घडल्या त्या लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली. तार वाचून आमचे हे खुर्चीतून उठले, चपला घालूनच काचघरात शिरले आणि सात क्रमांकासमोर उभे राहिले. म्हणाले, "रागावू नकोस." मी म्हटलं, "काय केलंत?" ते म्हणाले, "मला आत गुदमरायचं गं. तू दुपारी आडवी झालीस की मी सातजवळची खिडकी उघडून पेपर वाचायचो. मग पट्टी परत चिकटवायचो." आणि त्यांनी खालचं पान उचललं. विहीणबाई, तिथे पाच फळं होती! हिरवी, गोट्यांएवढी! बाकी अकरा झाडांवर एकही नाही आणि सातवर पाच! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा माझ्याशी खोटं वागला आणि मी त्याला चहा करून दिला.

दुसरी. तुम्ही लिहिलंत, टिचकी पत्रात कशी दाखवू. दाखवायची गरज नाही. इंजेक्शन भरलं की नळी उभी धरतात आणि आतला बुडबुडा वर यावा म्हणून नखानं टिचकी मारतात. जोरात नाही, हळू नाही. दिवसाला साठ-सत्तर वेळा, चाळीस वर्षं. आज साडेअकराला मी एक क्रमांकाच्या घोसाला तशी टिचकी मारली. उन्हात पिवळी भुकटी उडताना दिसली. मी डोळ्यांनी पाहिली! मग बाराही झाडं केली, शंभरावर टिचक्या. बोट दुखत नाही.

आपली विहीण

ता. क. दुपारी तीनला एक भुंगा आला. भेटीची वेळ अकरा ते दोनच आहे, पण त्याला थांबू दिलं.

९ मार्च

विहीणबाई,

खबरदार, किल्ली कुणाला दिलीत तर! आणि जेवा आधी.

चूक माझीही आहे आणि ती मी कबूल करते. पट्ट्या लावल्याचं तुम्ही अकरा तारखेच्याच पत्रात सरळ लिहिलं होतंत. मी आज ते पुन्हा वाचलं. तेव्हा मी फक्त पाणी-कोंब-सुतळी शोधलं आणि "सगळं ठीक" म्हणून घडी घातली. शिवाय खिडक्या उघड्या ठेवा, एवढं साधं वाक्य मी पहिल्या पत्रात लिहिलंच नाही. मला वाटलं, त्यात सांगण्यासारखं काय! आपल्याला जे रोजचं, ते दुसऱ्याला कुठून ठाऊक असणार? आंधळ्यानं पांगळ्याला वाट दाखवली आणि दोघंही खड्ड्यात, असं आपलं झालं. त्यातून व्याह्यांनी हात दिला. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा आणि चपलांची मुभा द्या.

आणि ते तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. मी टाळलं होतं. सून तुम्हाला का बोलावत नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, तुझ्यासमोर मला भोकाड पसरून रडता येतं. सासूबाईंसमोर नीटनेटकं आजारी पडावं लागतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण त्यांचं ते भिंतीवरचं पत्र काढू नकोस. रात्री दुखलं की मी तेच वाचते."

मी तुम्हाला हे कळवू नये असं तिचं म्हणणं आहे. मी कळवलं. पट्टी काढायचीच तर सगळीच काढू.

फळाचं लिहा. इथे पोस्टमनला माझी धास्ती वाटायला लागली आहे.

तुमची विहीण

१४ मार्च

विहीणबाई!!

दोन उद्गारचिन्हं मी आयुष्यात प्रथमच काढते आहे.

एकवर चार. दोनवर सहा. तीनवर तीन. चारवर सात. पाचवर शून्य, पण फूल ताठ आहे. सहावर पाच. आठवर चार, नऊवर नऊ (क्रमांक आणि फळं जुळली म्हणून हे लहान मुलासारखे हसले), दहावर चार, अकरावर सहा. बारावर शून्य, त्याला कोपऱ्यात ऊन कमी मिळतं, उद्या स्टुलावर चढवते. वाटाण्याएवढी आहेत, पण आहेत! सातची पाच आता लिंबाएवढी झाली.

रोज सकाळी उठले की आधी चहा, मग औषध, मग काचघर असा क्रम होता. आता चहा तिसरा. काल गल्लीतल्या शिंपीणबाईला हाताला धरून आत आणलं आणि फळं दाखवली. ती म्हणाली, "टोमॅटोच आहेत ना?" अशा लोकांना आत घेऊ नये.

सूनबाईचं वाचलं. दोनदा वाचलं. तिला सांगा, माझ्यासमोरही रडायला हरकत नाही. मी वेळ लिहून ठेवणार नाही.

आपली विहीण

६ एप्रिल

विहीणबाई, मनातलं आधी लिहिते: मी वीस तारखेला येऊ शकत नाही.

प्लास्टर निघालं, पण पाय टेकवायला अजून तीन आठवडे. जावईबापू म्हणाले, सुटी काढतो, तुम्ही जा. मी निघाले होते, पिशवीही भरली. मग लेक पहिल्यांदा कुबड्यांवर उभी राहिली आणि भिंतीपर्यंत जाऊन थरथरायला लागली. मी पिशवी रिकामी केली. नऊ वर्षं वाट पाहिली आणि त्या दिवशी मी तिथे नसणार, याचं मला वाईट वाटतं आहे. खोटं कशाला बोलू! पण माझ्या जागी तुम्ही आहात म्हणून रात्री झोप लागते.

परीक्षा अशी असते: पंधरा ते अठरा, चार दिवस पाण्याचा थेंब नाही. एकोणीसला सकाळी प्रत्येक कुंडीत दोन बादल्या. वीसला तपासनीस येतील. साध्या टोमॅटोची दोन झाडं त्यांनी आधीच पाठवली आहेत ना, तीही तशीच वागवायची, तुलनेसाठी. झाडं माना टाकतील. तुमच्यानं बघवणार नाही. पाणी घालायचं नाही! एक चमचाही नाही!

सोबत एक पाकीट आहे, डिंकानं बंद केलेलं. आत अर्ज आहे, त्यात वाणाचं नाव आहे. पास झालं तरच तपासनिसांच्या हातात द्यायचं. नापास झालं तर चुलीत. तुम्ही उघडायचं नाही. मला ठाऊक आहे तुम्ही उघडणार नाही, म्हणूनच तुमच्याकडे पाठवते. माझ्याकडे असतं तर मीच चारदा उघडून नाव बदललं असतं.

तुमची विहीण

२१ एप्रिल

विहीणबाई,

सगळं क्रमानं लिहिते.

चार दिवस पाणी बंद. ऑपरेशनआधी रुग्णाला उपाशी ठेवतात, तो पाणी पाणी करतो आणि आपण द्यायचं नसतं, हे मी हजारदा केलं आहे. तरी तिसऱ्या दिवशी झाडांनी माना टाकल्या तेव्हा मी ह्यांना काचघराला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायला सांगितली. मला माझाच भरवसा नव्हता. एकोणीसला दोघांनी मिळून अठ्ठावीस बादल्या ओतल्या. ह्यांची कंबर धरली आहे, पण ते सांगतात की अभिमानानं धरली आहे.

काल नऊ वाजता तपासनीस आले. उंच, बारीक, खिशात भिंग. आधी त्यांची साधी झाडं पाहिली. बाई गं! एकूण एक फळ उभं उकललं होतं, आतला गर दिसत होता. वाटलं, आपल्याकडेही आता हेच.

मग एक क्रमांक. पिकलेला घोस, चार फळं, शाबूत. दोन, शाबूत. तीन, चार, शाबूत. पाच आणि बारा अजून हिरवी, म्हणजे उरलेली दहाच्या दहा पास व्हायला हवीत, एकही कमी चालणार नाही. सहा, शाबूत. सातपाशी ते थांबले. वाकले. भिंग लावलं. म्हणाले, "इथे बारीक रेघ दिसते. तडा आहे."

विहीणबाई, मला तुमचं परसात बसून रडणं दिसलं. पुढे काय झालं ते ऐका. मी म्हटलं, "साहेब, सरका जरा." चाळीस वर्षं सर्जनना असंच सरकवलं आहे. खिशातून चिमटा काढला, तो माझ्या खिशात असतोच, आणि ती रेघ उचलली. तडा नव्हता. माझा पांढरा केस होता! फळाला चिकटला होता. तपासनिसांनी केस भिंगातून पाहिला, मग फळ पाहिलं, मग मला पाहिलं, आणि पहिल्यांदा हसले.

आठ, नऊ, दहा, अकरा. शाबूत, शाबूत, शाबूत, शाबूत. दहा झाडं. पास!

शेवटी त्यांनी विचारलं, "या भागात यंदा सगळीकडे पानं मुरडायचा रोग आहे, तुमच्याकडे एक डाग नाही. कसं काय?" आमचे हे म्हणाले, "स्पिरिट, साहेब. मलाही पुसतात."

मग मी पाकीट दिलं. त्यांनी फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. वाणाचं नाव: विहीणबाई. वर्णन: साल कडक, आतून गोड. कितीही पाणी ओता, तडकत नाही. सुरुवातीला खिडक्या लावून बसते, पण टिचकी मारली की भरभरून फळते.

त्यांनी विचारलं, "या विहीणबाई कोण?" मी म्हटलं, "मी." मग म्हटलं, "आणि ज्यांनी अर्ज केला आहे त्यासुद्धा." थिएटरमध्ये मी कधी रडले नाही, तुमच्या काचघरात तपासनिसांसमोर रडले. ह्यांनी रुमाल दिला. तो निर्जंतुक नव्हता, तरी घेतला.

फळ एकही तोडलेलं नाही. पहिलं तुम्ही तोडायचं. सातवरचं. लेकीला म्हणावं, पाय टेकला की दोघी मिळून या, आणि ती माझ्याकडे राहील. तिला हवं तेवढं रडू दे.

संध्याकाळी गार वारा सुटला. ह्यांनी विचारलं, "खिडक्या लावून घेऊ का?" मी म्हटलं, "असू द्या उघड्या."

तुमची विहीणबाई